फेलोशिपसह पीएच.डी. : एपिडेमिऑलॉजी घ्यावी की बायोस्टॅटिस्टिक्स?

प्रश्न : बेदाणा, तासगाव

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या सांगली जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात स्टॅटिस्टिशियन म्हणून नोकरी करते. एम.डी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी सॅम्पल साइझ (अभ्यासात किती माणसे घ्यावीत तो आकडा) काढून देणे, त्यांनी आणलेल्या एक्सेलच्या तक्त्यांतील गोंधळ निस्तरणे आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की ‘मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या’ ही (निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा तर नाही ना, हे अजमावणाऱ्या आकड्याची) विनंती पुरी करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. काम मला आवडते. परंतु अभ्यासाचा आराखडा ठरत असताना मला कोणी विचारत नाही आणि सारी माहिती गोळा होऊन गेल्यावर माझी आठवण होते, ही खंत मनात आहे. पीएच.डी.चा विचार त्यातूनच पक्का होत गेला.

अडचण पैशाची आहे. घरी द्राक्षबाग आहे, बागेवर सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज आहे, त्यामुळे शैक्षणिक कर्ज काढण्याचा विषय घरात निघूच शकत नाही. उलट महिन्याकाठी थोडी रक्कम मलाच घरी द्यावी लागते. म्हणजे फी माफ असेल आणि निर्वाहापुरते विद्यावेतन मिळत असेल, अशीच पीएच.डी. मला शक्य आहे. वय सत्तावीस आहे. मी एपिडेमिऑलॉजीकडे (लोकसमूहात आजार कसे व का होतात याच्या अभ्यासाकडे) वळावे की बायोस्टॅटिस्टिक्समध्येच (आरोग्यविषयक माहितीच्या संख्याशास्त्रातच) पुढे जावे, परदेशी विद्यापीठे ‘पूर्ण निधी’ म्हणतात तेव्हा त्यात नेमके काय धरलेले असते, आणि वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीला एपिडेमिऑलॉजीत कोणी गांभीर्याने घेते का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : कृष्णाकाठ, मूळ वाई, सध्या अमेरिकेत

बेदाणाताई, मी येथे एका बायोस्टॅटिस्टिक्स विभागात काम करतो आणि प्रवेश समितीचे अर्ज दरवर्षी वाचतो, म्हणून पैशाच्या प्रश्नापासूनच आरंभ करतो.

अमेरिकेत या दोन विषयांचा निधी वेगवेगळ्या वाटांनी येतो. बायोस्टॅटिस्टिक्सच्या विभागांकडे इतर विभागांच्या संशोधन प्रकल्पांतील विश्लेषणाचे काम सतत येत असते, शिवाय सार्वजनिक आरोग्याच्या सर्व विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचे प्राथमिक वर्ग करावेच लागतात; त्यामुळे रिसर्च असिस्टंट आणि टीचिंग असिस्टंट अशा दोन्ही जागा विभागाच्या हाताशी असतात आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची फी, विद्यावेतन व आरोग्य विमा बहुधा त्यांतूनच भागतो. एपिडेमिऑलॉजीत मात्र निधी बराचसा मार्गदर्शकाच्या चालू अनुदानावर अवलंबून राहतो. तेथील अनेक विभागांचा मोठा आधार म्हणजे एनआयएचची (अमेरिकी शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची) टी-32 ही प्रशिक्षण अनुदाने. ती अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतात, आपल्यासारख्यांना नाहीत. विभागाच्या संकेतस्थळावर ‘आमच्या विद्यार्थ्यांना निधी मिळतो’ असे लिहिलेले असले, तरी त्यातला किती भाग परदेशी विद्यार्थ्याला लागू आहे, हे ईमेल करून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या अर्जदाराबद्दल आम्ही कधी वाईट मत करून घेतलेले नाही.

निधीचे पत्र हातात आले की त्यातील काही बाबी बारकाईने पाहाव्यात. विद्यावेतन नऊ महिन्यांचे आहे की बारा महिन्यांचे, हमी पहिल्या वर्षापुरती आहे की चार-पाच वर्षांची, विमा त्यात आहे का, आणि फी माफ असली तरी ‘स्टुडंट फी’ या नावाखाली दर सत्राला काही भरावे लागते का. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे गेले, तर घरी पैसे पाठवण्याचा तुमचा बेत कोलमडेल. एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर), एम.एस. आणि डी.आर.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील डॉक्टरेट) या पदव्या बहुतांशी स्वखर्चाच्या असतात, तेव्हा ‘आधी एम.एस.ला जाऊ, मग पीएच.डी.त शिरू’ हा सल्ला कोणी दिला तर तो तुमच्या परिस्थितीत मानू नये. तुमचे एम.एस्सी. झालेले आहे, थेट पीएच.डी.ला अर्ज करावा. 2025 मध्ये एनआयएचच्या अनुदानांना कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, हेही ध्यानात ठेवून केवळ अमेरिकेवर विसंबू नये.

आता विषयाच्या निवडीबद्दल. तुमच्याच तालुक्यातील उदाहरण घेऊ. द्राक्षबागांत वर्षानुवर्षे औषध फवारणाऱ्या मजुरांच्या आरोग्यावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न आहे असे समजा. एपिडेमिऑलॉजिस्ट पहिल्यांदा हे विचारील की तुलना कोणाशी करायची. बाग नसलेल्या गावातील शेतमजुरांशी केली, तर आहार, पाणी, उत्पन्न, सारेच वेगळे. त्याच बागेत फवारणी न करणाऱ्या बायकांशी केली, तर त्या छाटणीच्या आणि विरळणीच्या वेळी त्याच वेलींत उभ्या असतात, म्हणजे औषध त्यांच्याही अंगावर येतेच. त्याहून अवघड गोष्ट अशी की ज्याला फवारणीचा त्रास झाला त्याने ते काम केव्हाच सोडलेले असते, त्यामुळे आज पाठीवर पंप घेतलेला माणूस तपासला तर तो धडधाकटच निघतो आणि औषध निरुपद्रवी असल्याचा भास होतो. अभ्यासाचा आराखडा या पेचातून सोडवणे हे एपिडेमिऑलॉजीचे काम.

बायोस्टॅटिस्टिक्समधील संशोधक त्याच अभ्यासाकडे पाहून वेगळ्या गोष्टींनी अस्वस्थ होतो. ‘गेल्या हंगामात किती वेळा फवारणी केली’ याचे उत्तर आठवणीतून आलेले असते, त्यातील चूक सर्वांच्या बाबतीत सारखी नसते, आणि अशा मापनदोषामुळे निष्कर्ष कोणत्या दिशेला किती सरकतो याचे गणित त्याला मांडायचे असते. एका बागेतील मजूर एकमेकांसारखे असतात, म्हणून दोनशे माणसे तपासली तरी माहिती दोनशे स्वतंत्र माणसांइतकी मिळत नाही. हे कसे हिशेबात धरायचे, अर्धवट राहिलेल्या नोंदींचे काय करायचे, यावर तो नवी पद्धत शोधतो आणि ती पद्धत योग्य असल्याचे सिद्ध करतो. तुम्हाला रात्री जागवणारा प्रश्न यांपैकी कोणता, ते तुम्हीच ओळखावे. पद्धतीच सिद्ध करायच्या असतील, तर रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पुन्हा एकदा नीट करून घ्या. प्रवेश समिती गुणपत्रिकेत पहिल्यांदा तेच शोधते.

बरेच अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. निधीसह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी 15 एप्रिलपर्यंत मुदत देण्याचे बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेले आहे, त्यामुळे कोणी फेब्रुवारीतच उत्तर मागू लागले तर घाईने होकार देऊ नये.

उत्तर : मिरज_पीएसएम

मॅडम, कृष्णाकाठ यांनी केलेली फोड उत्तम आहे, मात्र पैसा जिकडे सहज मिळतो तिकडे विषय झुकवावा असा जो सूर त्यात लागतो, त्याशी मी सहमत नाही. तुमच्या पत्रातील खंत आराखड्याच्या वेळी न बोलावले जाण्याची आहे, नवे प्रमेय सापडत नसल्याची नव्हे. ती खंत एपिडेमिऑलॉजीची आहे. वैद्यकीय पदवीचा प्रश्नही त्यातच सुटतो. आमच्या विभागांत एम.डी. झालेले पुष्कळ आहेत. सर्वेक्षणाचा आराखडा पाहून ‘हा क्लस्टर (पाहणीसाठी घेतलेला गाव-वस्तीचा गट) चुकीचा निवडला आहे’ असे सुरुवातीलाच सांगणारी माणसे फार थोडी आहेत. चेन्नईची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी ही संस्थाच मुळी 1999 मध्ये मेडिकल स्टॅटिस्टिक्सची एक संस्था आणि कुष्ठरोगाचे एक क्षेत्रीय केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन उभी राहिली. संख्याशास्त्रज्ञ तेथे उपरा नाही.

भारतातील निधीचा पहिला मार्ग जेआरएफचा, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा. तुमच्यासाठी दोन दारे उघडी आहेत : सीएसआयआर-यूजीसीची गणितीय विज्ञानाची परीक्षा, जिच्यात संख्याशास्त्राचे प्रश्न सोडवून भागते, आणि यूजीसी नेटमधील लोकसंख्याशास्त्राचा किंवा सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थचा विषय. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून 42,000 रुपये आहे, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. जेआरएफसाठी तीस वर्षांची वयोमर्यादा असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी वयाची चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग राज्य शासनाच्या संस्थांचा. पीएच.डी.ला नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी मराठा, कुणबी आणि संबंधित गटांना सारथीची, अनुसूचित जातींना बार्टीची, तर इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला महाज्योतीची फेलोशिप असते. आपण कोणत्या प्रवर्गात बसता ते येथे जाहीरपणे लिहू नये. जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे मात्र तहसील कार्यालयात गर्दी होण्याच्या आत काढून ठेवावीत. या रकमा दर महिन्याला ठरल्या तारखेस हातात पडतीलच असे धरून घरखर्चाचा हिशेब बांधू नये. हप्ते थकतात, मग एकरकमी मिळतात. काही महिने निभावतील एवढी शिल्लक बाजूला ठेवूनच नोकरीचा राजीनामा द्यावा.

संस्था निवडताना मुंबईत देवनारची आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था), तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्र, वेल्लोरच्या सीएमसीचा आणि दिल्लीच्या एम्सचा बायोस्टॅटिस्टिक्स विभाग यांची माहिती जरूर काढा. आयआयपीएसचा विशेष असा की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम तीच संस्था करते. 1992-93 च्या पहिल्या फेरीपासून 2019-21 च्या पाचव्या फेरीपर्यंतचा सारा इतिहास तेथील मार्गदर्शकांच्या हाताखालून गेलेला आहे, आणि पाहणीच्या कच्च्या माहितीशी झटापट करायला शिकायचे असेल तर याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

नोकरी न सोडता अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभा यूजीसीच्या 2022 च्या नियमांत आहे. त्यासाठी महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पगार चालू राहतो, मात्र अशा वेळी फेलोशिप मिळत नाही. आणि ‘मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू’ही चालूच राहील, हे वेगळे सांगायला नको.

विषयाबद्दल एक सुचवतो. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परत जातात. त्यांतील गरोदर बायकांची नोंद आपल्याकडे होते, बाळंतपण मात्र कधी येथे, कधी बीडकडे, कधी वाटेत. सर्वसाधारण सर्व्हायव्हल अॅनालिसिसमध्ये, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किती काळ जातो याच्या विश्लेषणात, मग ते कॅप्लन-मायर असो की कॉक्सचे 1972 चे मॉडेल, नजरेआड झालेल्या व्यक्तीचा धोका नजरेसमोर राहिलेल्या व्यक्तीसारखाच आहे असे गृहीत धरलेले असते. येथे ते गृहीतक टिकत नाही, कारण दिवस भरत आलेली किंवा तब्येत बिघडलेली बाई हंगाम संपण्याच्या आधीच गावी निघून जाते, म्हणजे जाण्याचे कारण आणि आजार हे एकमेकांत गुंतलेले असतात. कोणाच्या नोंदी कोठे तुटतात, दोन जिल्ह्यांतील नोंदी जोडता येतील का, आणि जोडता आल्या नाहीत तर निष्कर्ष किती डळमळीत मानायचा, हा एपिडेमिऑलॉजीचा आणि बायोस्टॅटिस्टिक्सचा समान प्रश्न आहे. तो चेन्नईला बसूनही सोडवता येईल आणि परदेशातूनही. टोळीच्या मुकादमाशी, आशाताईंशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंशी बोलता येणारा माणूस मात्र परदेशी विद्यापीठाला आयता मिळत नाही. आपल्या महाविद्यालयातील जुन्या नोंदी वापरायच्या झाल्या तरी एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यावी लागेल, एवढे विसरू नका.

उत्तर : माणदेशी, सध्या स्वीडन

युरोपचा उल्लेख राहिला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. स्वीडन, नेदरलँड्स आणि आसपासच्या काही देशांत पीएच.डी. करणारा हा बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जागेची जाहिरात निघते, प्रकल्प आणि मार्गदर्शक आधीच ठरलेले असतात, मुलाखत होते आणि साधारण चार वर्षांचा करार मिळतो. फी नसते, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि रजा मिळते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स एकाच विभागात शेजारी शेजारी चालतात आणि प्रबंध म्हणजे बहुधा तीन-चार शोधनिबंध व त्यांना जोडणारी प्रस्तावना असते. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर तुमच्या परिस्थितीला ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. गैरसोय एकच, पण मोठी : प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो. ऊसतोड मजुरांवर काम करायचे असेल, तर तो विषय येथे चालून येणार नाही.

ब्रिटनमध्ये यूकेआरआयच्या (तेथील शासकीय संशोधन निधी संस्थेच्या) निधीवरील जागा 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या आहेत, परंतु त्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे 30 टक्क्यांपर्यंत मर्यादित असल्याने चुरस कडवी असते. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीकडेही लक्ष ठेवावे.

गांभीर्याने घेतात का, या प्रश्नावर माझ्या भागातील एका माणसाची आठवण करून देतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे 1936 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले, परत येऊन कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग 1951 पासून जवळजवळ दोन दशके सांभाळला. एखाद्या माणसाला किती प्रथिने लागतात, यावर वैद्यांशी वाद घालण्याचा अधिकार त्यांना नमुना पाहणीच्या सिद्धांताने मिळवून दिला. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती.

प्रतिसाद : बेदाणा, तासगाव

मिरजचे डॉक्टर, कृष्णाकाठ आणि माणदेशी, आपण तिघांनीही इतका वेळ काढलात याबद्दल मनापासून आभार. फवारणीच्या उदाहरणात मला तुलनेचा प्रश्न अधिक ओढ लावतो, म्हणून एपिडेमिऑलॉजीकडे कल ठरला असे समजते. नेटची तयारी सुरू करते आणि त्याबरोबर युरोपातील जाहिरातींवर लक्ष ठेवते. आणखी एक शंका आहे. परदेशी अर्जांना तीन शिफारसपत्रे लागतात असे दिसते. माझ्या विभागप्रमुखांनी ‘तुम्हीच मजकूर लिहून आणा, मी सही करतो’ असे सांगितले आहे. तसे करावे का? आणि उरलेली दोन पत्रे कोणाकडून घ्यावीत?

उत्तर : कृष्णाकाठ

अर्जदाराने स्वतःचे शिफारसपत्र स्वतः लिहू नये, हा सरळ नियम आहे. ते नैतिक दृष्ट्या बरे नाही, आणि तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची निघाली की समितीच्या ते चटकन लक्षात येते. विभागप्रमुखांना मजकुराऐवजी टिपण द्या : आपण कोणत्या प्रबंधांत काय केले, कोठे चुकीची चाचणी वापरली जात होती आणि आपण ती कशी बदलायला लावली, कोणत्या शोधनिबंधात आपले नाव आहे. त्यावरून ते स्वतःच्या शब्दांत लिहितील. दुसरे पत्र कोल्हापूरच्या आपल्या एम.एस्सी.च्या अशा प्राध्यापकांकडून घ्या ज्यांनी आपल्याला गणिताचा अवघड विषय शिकवला आहे. तिसरे, ज्यांच्या प्रबंधाचे विश्लेषण आपण केले अशा एखाद्या गाइडकडून. संस्थाचालकांचे किंवा आमदारांचे पत्र जोडण्याचा मोह घरच्यांना होईल, तो आवरावा.

उत्तर : मिरज_पीएसएम

यात एकच भर. भारतात शिफारसपत्रापेक्षा गाइडची पारख महत्त्वाची ठरते. नोंदणी करण्यापूर्वी त्या गाइडच्या हाताखाली पीएच.डी. पूर्ण केलेल्या किमान दोघांशी आणि अर्धवट सोडून गेलेल्या एकाशी बोलून घ्या. यूजीसीच्या नियमानुसार मुदत सहा वर्षांची असते आणि महिलांना त्यात दोन वर्षांची वाढ मिळू शकते, फेलोशिप मात्र पाच वर्षांनी थांबते. त्या गाइडचे विद्यार्थी पाच वर्षांच्या आत प्रबंध सादर करतात की नाही, एवढे विचारले तरी पुरे. नेटचा अर्ज भरताना विषयाचा सांकेतिक क्रमांक तपासून घ्या, आणि लोकसंख्याशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतील तर विभागात येऊन घेऊन जा, आमच्या कपाटात त्या आहेत.